सेल्फ-ड्रायव्हिंग गाडीला चालवता येतं, मग चारचौघांत वागता का येत नाही?

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: गाडीवर कॅमेरे आहेत, लायडार (लेझरने अंतर मोजणारा सेन्सर) आहे, रडार आहे, माणसांनी चालवलेल्या गाड्यांचा ढीगभर डेटा आहे, मग तो सगळा एआय मॉडेलला देऊन गाडी सरळ माणसासारखी का चालवायला लावत नाहीत, अडतंय कुठे? आणि शेपटाला नेहमीचा प्रश्न, हे पुण्यात कधी येणार.

मी कॅलिफोर्नियात ह्याच गाड्यांच्या प्लॅनिंगवर काम करते. म्हणजे आजूबाजूला काय आहे ते कळल्यावर 'बरं, मग आता करायचं काय' हे ठरवणारा जो भाग असतो ना, तो. त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकलेलं असणार, पर्सेप्शनवाले, म्हणजे आजूबाजूला काय आहे ते ओळखणाऱ्या भागावर काम करणारे मित्र वेगळं सांगतील. पण मला विचाराल तर दिसण्याचा प्रश्न बऱ्यापैकी सुटत आलाय, अंधारात काळे कपडे घालून चाललेला माणूस लायडारला माझ्या डोळ्यांच्या आधी दिसतो. गाडीला वळता येतं, ब्रेक मारता येतो, लेनच्या मधोमध राहणं तर तिला आपल्यापेक्षा छान जमतं. अडतं ते दुसऱ्या माणसांशी वागताना. रस्त्यावरचे बाकीचे लोक तुमच्याकडे बघून काहीतरी ठरवत असतात, तुम्ही त्यांच्याकडे बघून ठरवत असता, आणि हे सगळं एकाच वेळी चालू असतं.

सगळ्यात जुनं आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे फोर-वे स्टॉप. अमेरिकेत वस्तीतल्या बऱ्याच चौकांत सिग्नल नसतो, चारही बाजूंना स्टॉपची पाटी असते, नियम एवढाच की पूर्ण थांबायचं आणि जो आधी आला तो आधी जाणार. कोड लिहायला बसलात तर जेवायच्या आधी संपेल असं वाटतं. 2009 मध्ये गूगलची गाडी टेस्टिंगमध्ये अशाच एका चौकात अडकून पडली, कारण ती वाट बघत होती की बाकीचे पूर्ण थांबतील आणि मग मी जाईन, आणि माणसं काही पूर्ण थांबेनात, जो तो थोडा थोडा पुढे सरकतोय, गाडी बिचारी तिथेच. मग त्यांनी तिला शिकवलं की आपली पाळी आली की थोडं पुढे सरकायचं, म्हणजे समोरच्याला कळतं की हिला जायचंय. सेन्सर तेच, नियम तेच, फक्त गाडी आता हालचालीतून समोरच्याला काहीतरी सांगायला लागली.

दुसऱ्याचं सरकणं वाचता पण आलं पाहिजे, ते वेगळंच. 2015 मध्ये ऑस्टिनला एक जण फिक्स्ड-गियर सायकलवर अशाच चौकात गूगलच्या गाडीसमोर आला. या सायकलवाल्यांची पाय खाली न टेकता तोल सांभाळत उभं राहायची सवय असते, त्यात सायकल इंच-दोन इंच पुढेमागे होत राहते. सायकल इंचभर पुढे आली की गाडी निघता निघता थबकायची, सायकल मागे गेली की परत निघायची, परत थबकायची, असं जवळजवळ दोन मिनिटं चाललं, त्यानेच नंतर लिहिलं होतं. माणसाला एका नजरेत कळतं की हा बाबा उभा आहे, निघत नाहीये. गाडीला वेग दिसला, दिशा दिसली, उभं राहायची पद्धत दिसली नाही.

आता आतली गोष्ट. कितीतरी वर्षं बहुतेक सगळ्यांची मांडणी अशीच होती: आधी प्रेडिक्शन, मग प्लॅनिंग. प्रेडिक्शन सांगणार की डावीकडची गाडी पुढच्या काही सेकंदांत साधारण इथे असेल, तो पादचारी तिथे असेल, आणि प्लॅनर त्यातून आपल्याला जायला रिकामी जागा शोधणार. ऐकायला बरोबर वाटतं. गोची अशी की यात बाकीचे लोक तुमच्याकडे बघतच नाहीयेत असं गृहीत धरलेलं असतं. फ्रीवेवर शिरायचंय, संध्याकाळची वेळ आहे, 101 नंबरच्या फ्रीवेवर गाड्या एकमेकींना चिकटून चालल्यात. प्रेडिक्शन म्हणतं मागची गाडी आहे त्याच वेगाने येणार, म्हणजे जागा नाही, प्लॅनर म्हणतो थांब, आणि तुम्ही रॅम्पच्या टोकाला शून्य वेगाने उभे, ज्याच्यापेक्षा धोकादायक गोष्ट फ्रीवेवर फार थोडी असेल. माणूस काय करतो? इंडिकेटर देतो, नाक थोडं आत घालतो, मागचा शिव्या घालत का होईना पण जरा ढिला सोडतो आणि जागा तयार होते. ती जागा आधी नव्हतीच, मागितल्यावर झाली. पीटर ट्राउटमन आणि आंद्रेआस क्राउझे या दोघांनी 2010 मध्ये गर्दीत चालणाऱ्या रोबोटबद्दल हेच दाखवलं होतं: प्रत्येक माणूस एकट्याने कुठे जाईल याचा अंदाज तुम्ही कितीही चांगला केलात तरी गर्दी एका मर्यादेपुढे गेली की रोबोट जागच्या जागी गोठतो, कारण माणसं एकमेकांना वाट देतात हे त्याच्या हिशोबातच नाही. दारात दोन पाहुणे 'तुम्ही आधी', 'छे छे, तुम्ही आधी' करत उभे राहतात, त्यातला एक जर कायम दुसऱ्यालाच आधी सोडणार असेल आणि मागून माणसं येतच असतील, तर तो घरात कधी शिरणार?

मग म्हणाल, सोपंय की, धरून चाला बाकीचे वाट देतील. तर ते पण करून झालंय. 14 फेब्रुवारी 2016, माउंटन व्ह्यूमध्ये एल कमिनो रेआल नावाचा मोठा रस्ता आहे, तिथे गूगलची लेक्सस उजवीकडे वळायला कडेला आली, पुढे गटाराच्या तोंडाशी वाळूच्या पिशव्या, मग ती परत मधे यायला लागली, मागून बस येत होती. गाडीने अंदाज केला की बस थांबेल किंवा हळू होईल. आत बसलेल्या टेस्ट ड्रायव्हरने पण तोच अंदाज केला. बसवाल्याने केला नाही. गाडीचा वेग ताशी तीनेक किलोमीटर, बसचा चोवीसच्या आसपास, कोणाला लागलं नाही, पण हिशोब चुकला तो चुकलाच, आणि नंतर गूगलने सॉफ्टवेअर बदललं की मोठ्या गाड्या वाट द्यायची शक्यता कमी धरायची. मला ही केस फार आवडते कारण इथे गाडी अगदी माणसासारखीच वागली होती.

म्हणजे एका टोकाला गोठायचं, दुसऱ्या टोकाला बसला जाऊन घासायचं, आणि मधलं नेमकं ठिकाण प्रत्येक प्रसंगात वेगळं. गेम थिअरीने हे मांडता येतं, 'मी असं केलं तर तो तसं करेल, मग मी असं.' बर्कली विद्यापीठात 2016 मध्ये डोर्सा सादिघ आणि तिच्या सहकाऱ्यांनी असा प्लॅनर केला जो आपल्या हालचालीचा समोरच्या ड्रायव्हरवर काय परिणाम होईल हे धरून चालतो. सिम्युलेटरमध्ये चौकावर त्या गाडीने स्वतःच एक युक्ती काढली: समोरच्याला आधी जाऊ द्यायचं असेल तर किंचित मागे यायचं. हे तिला कोणी लिहून दिलं नव्हतं. पण प्रत्यक्ष रस्त्यावर आजूबाजूला चाळीस-पन्नास जण असतात, सेकंदात दहा वेळा नवा निर्णय घ्यायचा असतो, तिथे सगळ्यांचं सगळ्यांशी हे गणित मांडायला बसलात तर संपलंच. मग व्यवहारात आपण ठरवतो की आत्ता खरे महत्त्वाचे दोन-तीन जण कोण, त्यांच्यापुरतंच नीट बघू. आणि कधीकधी चौथाच महत्त्वाचा निघतो.

आता तुमच्या मूळ मुद्द्यावर येते, डेटावरून सरळ शिकवत का नाही. शिकवतात हो, हे काही नवीन नाहीये. कार्नेगी मेलन विद्यापीठात डीन पोमरलोने 1989 च्या सुमारास अ‍ॅल्विन नावाचं छोटं न्यूरल नेटवर्क केलं होतं, 30 बाय 32 चं अंधुक चित्र बघून स्टीअरिंग फिरवायचं. तेव्हाच लक्षात आलं की माणूस चांगला चालवत असेल तर डेटात फक्त चांगलंच चालवलेलं येतं. गाडी थोडी तिरकी गेली तर परत कसं यायचं हे मॉडेलने कधी बघितलेलंच नसतं, मग ते अजून तिरकं जातं, मग तिथे तर त्याने काहीच बघितलेलं नसतं. छोटी चूक वाढत वाढत जाते. 2018 मध्ये वेमोच्या (गूगलच्या याच प्रकल्पाची पुढे झालेली कंपनी) लोकांनी शोफरनेट नावाचं काम प्रसिद्ध केलं, त्यात 3 कोटी उदाहरणं वापरली होती, म्हणजे सुमारे 60 दिवस अखंड चालवल्याएवढी, आणि निष्कर्ष काय, तर नुसती नक्कल पुरत नाही. त्यांना मुद्दाम बिघडवलेली उदाहरणं घालावी लागली, गाडी लेनमधून सरकवून ठेवायची, टक्कर झाल्याचं दाखवायचं, आणि मॉडेलला सांगायचं की हे वाईट आहे. माणसांच्या डेटात टकरा जवळजवळ नसतातच, आणि नसलेल्या गोष्टीची भीती मॉडेलला कुठून येणार.

दुसरी भानगड जास्त मजेशीर आहे. मॉडेलला 'काय' केलं ते दिसतं, 'का' केलं ते नाही. 2019 च्या एका पेपरमध्ये याचं साधं उदाहरण आहे: डॅशबोर्डवर ब्रेक दाबल्यावर लागणारा दिवा चित्रात दिसत असेल तर मॉडेल शिकतं की दिवा लागला की ब्रेक मारायचा, समोरच्या माणसाकडे बघायचं कारणच उरत नाही. जास्त माहिती दिली आणि ड्रायव्हिंग बिघडलं! नवीन मुलं टीममध्ये येतात तेव्हा अजून डेटा टाकू म्हणतात, त्यांना मी आधी हा पेपर वाचायला देते. आत्ताची मोठी मॉडेल्स बरीच सुधारलीयेत हे खरं आहे, हल्ली प्रेडिक्शन आणि प्लॅनिंग एकत्रच शिकवायचा कल आहे आणि तो बरोबर आहे, पण या दोन्ही दुखण्यांवर अजून औषध चालूच आहे.

आणि समजा नक्कल शंभर टक्के जमली, तरी नक्कल कोणाची करायची? टेस्लाच्या एफएसडी बीटामध्ये ('फुल सेल्फ-ड्रायव्हिंग'ची चाचणी आवृत्ती) एक सोय होती, स्टॉपच्या पाटीला पूर्ण न थांबता ताशी 9 किलोमीटरपर्यंतच्या वेगाने तसंच सरकत जायचं, आजूबाजूला चालती गाडी, पादचारी किंवा सायकलवाला दिसत नसेल, चौक मोकळा असेल वगैरे अटी होत्या. माणसं अगदी हेच करतात. 2022 च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या एनएचटीएसएने (रस्ते-सुरक्षेची सरकारी संस्था) लक्ष घातल्यावर 53,822 गाड्यांसाठी रिकॉल करून ते बंद करावं लागलं. कायद्याच्या बाजूने बघाल तर बरोबरच आहे. पण मग गाडी प्रत्येक पाटीला पूर्ण थांबते आणि मागच्याला वाटत असतं ही सरकत जाईल, तो येऊन ठोकतो. कॅलिफोर्नियाच्या डीएमव्हीकडे (आपल्या आरटीओसारखं खातं) कंपन्यांना प्रत्येक टक्करीचा रिपोर्ट द्यावा लागतो, त्यात मागून ठोकल्याच्या केसेस बघा किती असतात. कागदावर चूक मागच्याची. मी टीममध्ये कायम भांडते की ती आपली पण आहे, कारण आपण असं काहीतरी केलं ज्याची त्याला अपेक्षा नव्हती.

पिट्सबर्गमध्ये तर अजून गंमत, तिथे सिग्नल हिरवा झाल्या झाल्या समोरून डावीकडे वळणाऱ्या पहिल्या गाडीला लोक आधी जाऊ देतात (तिकडे डावीकडे म्हणजे आपल्याकडचं उजवीकडचं वळण, समोरचा ट्रॅफिक कापून). कायद्यात हे कुठे नाही, गावची रीत आहे. तुम्ही सरळ निघालात तर वळणारा तुमच्या अंगावर, आणि हीच रीत शिकलेली गाडी फिनिक्सला नेली तर ती दुसऱ्याच्या अंगावर. सॅन फ्रान्सिस्कोत डिलिव्हरीची व्हॅन लेन अडवून उभी असते, दुहेरी पिवळी रेघ ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. ओलांडायची? कधी ओलांडायची? व्हॅनचा ड्रायव्हर आत आहे का, तो सिग्नलला थांबलाय की सामान उतरवतोय? या एका प्रश्नावर माणसं महिनोन्महिने काम करतात, खोटं नाही सांगत.

2025 मध्ये वेमोच्या गाड्या जरा धीट झाल्या हे सॅन फ्रान्सिस्कोत राहणाऱ्या सगळ्यांच्या लक्षात आलं, आणि कंपनीने पण ते मुद्दाम केलंय असं सांगितलं, कारण फार सभ्य गाडी दुसऱ्यांची वाट अडवते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सॅन ब्रुनोच्या पोलिसांनी एका वेमोला बेकायदेशीर यू-टर्न मारताना पकडलं आणि आत ड्रायव्हरच नाही म्हटल्यावर तिकीट द्यायचं कोणाला, पंचाईत. हे दोन्ही एकमेकांपासून अगदी लांब आहेत असं मला वाटत नाही. (माझा अंदाज, आतली माहिती नाही.)

पण खरा जड भाग शिष्टाचाराच्या पलीकडे आहे. 18 मार्च 2018 ला अ‍ॅरिझोनातल्या टेम्पीमध्ये उबरच्या टेस्ट गाडीखाली एक बाई गेली, रात्री सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होती. तपासात निघालं की सिस्टमला ती 5.6 सेकंद आधी दिसली होती. पण कधी ती गाडी ठरली, कधी 'इतर', कधी सायकल, आणि दर वेळी नाव बदललं की ती आत्तापर्यंत कुठून कुठे आली तो माग टाकून दिला जायचा. आणि झेब्रा क्रॉसिंग नसलेल्या जागी पादचारी रस्ता ओलांडतील हा विचारच त्यात नव्हता. समोर नक्की काय आहे ते कळलं नाही तरी कुठलाही माणूस ब्रेकवर पाय नेतो, नाव नंतर बघू. (त्या गाडीतली टेस्ट ड्रायव्हर फोनकडे बघत होती, ती आणखी वेगळी शोकांतिका.) 2 ऑक्टोबर 2023 ला सॅन फ्रान्सिस्कोत एका बाईला आधी माणूस चालवत असलेल्या गाडीने उडवलं आणि ती क्रूझच्या (जनरल मोटर्सची रोबोटॅक्सी, म्हणजे बिनड्रायव्हरच्या टॅक्सीची कंपनी) गाडीपुढे येऊन पडली. क्रूझने ब्रेक मारला, धडक झालीच, पण त्यानंतर सॉफ्टवेअरला वाटलं की ही बाजूने लागलेली टक्कर आहे, आणि अशा वेळी नियम असा की रस्त्याच्या कडेला घ्या, म्हणून गाडी तिला खाली घेऊन जवळजवळ सहा मीटर पुढे गेली. नियम चांगलाच होता, वाहतूक अडू नये म्हणून. माणूस खाली उतरून बघतो. महिन्याभरात डीएमव्हीने परवाना थांबवला आणि 2024 च्या डिसेंबरमध्ये जनरल मोटर्सने रोबोटॅक्सीचा पैसाच बंद केला.

डिसेंबर 2025 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठी वीज गेली तेव्हाची गोष्ट त्यामानाने किरकोळ. सिग्नल बंद असेल तर तो चौक फोर-वे स्टॉप धरायचा हे वेमोला येतं, पण काही वेळा ती रिमोटवरच्या माणसाला विचारून खात्री करते. एकदम सगळीकडचे सिग्नल गेल्यावर सगळ्याच विचारायला लागल्या आणि उत्तराची वाट बघत रस्त्यात उभ्या. एकटीदुकटी गाडी शहाणी असली तरी शेकडो एकसारख्या गाड्या एकाच क्षणी एकसारख्याच बिचकतात, माणसं निदान वेगवेगळी बिचकतात.

एवढं सगळं ऐकल्यावर लोक विचारतात की मग माणसासारखं हवंच कशाला, अमेरिकेत 2023 मध्ये दर 10 कोटी मैलांना 1.26 माणसं मेली, हा काय आदर्श आहे? मान्य. वेमोने आपल्या 5.67 कोटी मैलांचा अभ्यास प्रसिद्ध केलाय, माणसांच्या तुलनेत पादचाऱ्यांना इजा होणाऱ्या टकरी 92 टक्के कमी. अभ्यास कंपनीचाच आहे, मृत्यूंबद्दल बोलायला मैल अजून पुरेसे नाहीत, पण तपासून छापलेला आहे आणि मी तो गंभीरपणे घेते. माझं म्हणणं एवढंच की लक्ष देणं, न पिणं, न झोपणं, यात माणसाची नक्कल करायची काही गरज नाही, नक्कल करायची ती समोरच्याला आधीच कळेल अशा हालचालीची: कधी हळू व्हायचं, किती आधी, नाक कुठे ठेवायचं. कडक ब्रेकने टक्कर टळली तर आकडेवारीत गाडी जिंकते, पण एक सेकंद आधी हलका ब्रेक लागला असता तर पलीकडच्या पादचाऱ्याला कळलं असतं की हिने मला बघितलंय. हे मोजायचं कसं, यावर आमच्यात अजून एकमत नाही.

आता पुणे. 'आपल्याकडे सगळा गोंधळ, इथे अशक्य' हे मला तितकं पटत नाही. शहरात वेग कमी असतो, आणि सगळे सगळ्यांकडे बघत चालवतात. पण वर सांगितलेलं नाक पुढे घालण्याचं गणित अमेरिकेत चौकाचौकात लागतं, इथे ते दर सेकंदाला लागतं, ते पण एकाच वेळी सहा टू-व्हीलरशी. तिकडची प्रेडिक्शन मॉडेल्स बऱ्याच अंशी लेनच्या नकाशावर टेकून असतात, इथे लेनवरून कोण कुठे जाईल याचा फारसा पत्ता लागत नाही. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने 2018 मध्ये इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट काढला, त्यात रिक्षा आणि जनावरं यांच्यासोबत रस्त्याच्या कडेची 'तशी चालवता येईल अशी' माती हा पण वेगळा प्रकार ठेवावा लागला. ते काम चांगलं आहे, पण ते दिसण्याचं काम आहे, वागण्याचं नाही. मला स्वतःला शहरापेक्षा हायवेवर उलट्या बाजूने येणाऱ्याची जास्त धास्ती वाटते, तिथे वेग जास्त असतो आणि बोलणी करायला वेळच नसतो. शिवाय गडकरींनी डिसेंबर 2023 मध्ये नागपूरला ड्रायव्हरच्या नोकऱ्यांचा मुद्दा काढून सांगितलंय की मी आहे तोवर ड्रायव्हरलेस गाड्या येऊ देणार नाही.

त्यामुळे रोबोटॅक्सीची वाट बघू नका. पण याच प्रश्नाचा छोटा नमुना बघायचा असेल तर चाकणला बनलेली एक्सयूव्ही 700 किंवा अशीच एडीएएसवाली (ड्रायव्हरला मदत करणारी यंत्रणा असलेली) दुसरी कुठली गाडी घेऊन बाणेर रोडवर अ‍ॅडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे वेग आपोआप सांभाळायची सोय, लावून बघा. गाडी पुढच्या गाडीपासून शहाण्यासारखं अंतर ठेवते, त्या अंतरात एक स्कूटर शिरते, गाडी मागे होते, मग रिक्षा शिरते, गाडी अजून मागे होते, आणि मागचा हॉर्न वाजवत राहतो. अंतर सगळ्यात कमीवर ठेवलं तरी आपल्याकडे ते मोकळी जागाच धरलं जातं. बरेच मालक शहरात ते बंद ठेवतात आणि एक्स्प्रेसवेला लागल्यावर चालू करतात, आणि सध्या तरी तसंच वापरा.